मोटर शेतकऱ्याने जाळली नाही



जिल्हा बैठकीत विजेचा विषय निघाला की दोन भाषणे ठरलेली असतात. पहिले आपल्या बाजूचे. त्यात बिल, वसुली आणि तोडलेली कनेक्शने एवढेच असते. दुसरे साहेबांच्या बाजूचे, आणि ते आपल्यातलेच काही शहाणे लोक पाठ करून म्हणतात: "शेतकरी फ्यूजच्या जागी केबलची जाड तार घालतो, रिलेचा स्क्रू शेवटपर्यंत पिळतो, ऑटो स्विच लावतो. मग मोटर जळते, डीपी जळतो आणि बोंब मात्र सरकारच्या नावाने."

या दुसऱ्या भाषणाला आपण आजवर नीट उत्तर दिलेले नाही. एक तर मान खाली घालतो, नाहीतर आरडाओरडा करतो. याचे कारण असे की त्या भाषणातले प्रत्येक वाक्य खरे आहे. जाड तार आपणच घालतो आणि स्क्रूही आपणच पिळतो. पण खऱ्या वाक्यांची मोळी बांधूनही खोटे बोलता येते. या लेखात ती मोळी सोडवायची आहे. त्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. कंटाळू नका. ज्याला आपल्या मोटरचा अँपिअर ठाऊक नाही, त्याला साहेबाशी भांडता येत नाही.

लालबागमध्ये शिकलेला धडा

मी हा धडा लालबागच्या एका गिरणीत, इलेक्ट्रिक खात्यात बदली वायरमन म्हणून शिकलो. साचा खात्यात रुईचा फुफाटा सतत उडायचा. मोटरच्या पंख्याच्या जाळीवर रुई बसायची आणि मोटर तापायची. आमच्या फोरमनची शिस्त अशी की प्रत्येक स्टार्टरच्या पेटीवर लाल रंगाने मोटरच्या पाटीवरचा अँपिअर लिहिलेला हवा आणि आतल्या रिलेचा काटा त्याच आकड्यावर हवा. एकदा तिसऱ्या पाळीत एक मोटर सारखी बंद पडत होती. जॉबर माझ्या डोक्यावर बसला होता. मी काटा दोन अँपिअर पुढे सरकवला आणि मोटर चालू झाली. सकाळी फोरमनने ते पाहिले. तो म्हणाला, "चोर आल्याची आरोळी दिली म्हणून तू राखणदाराचे तोंड बांधलेस?" त्याने जाळी काढायला लावली. आत बोटभर रुई साचलेली होती. ती साफ केली, काटा जागेवर आणला, मोटर पुन्हा बंद पडली नाही.

त्या गिरणीत मोटर जळणे हा अपवाद होता. मजूर काही फार शिकलेला होता असे नाही. तोही सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या शेतकऱ्याचाच पोरगा होता. मग तिथे नियम चालला आणि इथे शिवारात का चालत नाही? तिथला शेतकऱ्याचा पोरगा शहाणा आणि इथला त्याचा भाऊ अडाणी, असे तर नाही ना?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यातले कितीतरी पुन्हा परळ-लालबागला परतलेच नाहीत. मी गावी आलो, विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवली, स्टार्टरच्या पेटीवर लाल रंगाने आकडा लिहिला आणि काटा त्या आकड्यावर ठेवला. पुढे काय झाले ते सांगतो. आधी नियम समजून घेऊ.

फ्यूज कशासाठी, रिले कशासाठी

पाच हॉर्सपॉवरच्या तीन फेजच्या मोटरला पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर लागतात. नेमका आकडा पाटीवर असतो. तोंडी हिशेब करायचा तर एका हॉर्सपॉवरला दीड अँपिअर धरा. पण मोटर सुरू होताना पहिले काही सेकंद ती याच्या सहापट, म्हणजे पंचेचाळीस अँपिअरपर्यंत खेचते. बैलाला उभी गाडी हलवायला जास्त जोर लागतो, तसेच हे आहे.

आता फ्यूज साडेसात-आठ अँपिअरचा घातला तर तो दरवेळी सुरुवातीलाच उडेल. म्हणून जगभरातल्या नियमांत मोटरचा फ्यूज तिच्या चालू अँपिअरपेक्षा मोठा ठेवायला परवानगी आहे. अमेरिकेच्या वीज नियमपुस्तकात मोटरसाठी ४३० क्रमांकाचे एक सबंध प्रकरण आहे. त्यात साधा फ्यूज मोटरच्या अँपिअरच्या तीनशे टक्क्यांपर्यंत आणि सावकाश उडणारा फ्यूज पावणेदोनशे टक्क्यांपर्यंत चालतो. आपल्याकडे स्टार्टर बनवणारे कारखाने प्रत्येक हॉर्सपॉवरसाठी एच. आर. सी. फ्यूजचा तक्ता देतात. पाच हॉर्सपॉवरला तो वीस अँपिअरच्या आसपास असतो.

म्हणजे मोठा फ्यूज घालणे हा अडाणीपणा नाही, तो नियमच आहे. पण त्या नियमाला दुसरी बाजू आहे, आणि तिच्यावाचून पहिली उभी राहत नाही. मोठा फ्यूज चालतो, कारण त्याच्या मागे रिले बसलेला असतो. फ्यूजचे काम तार तारेला चिकटली, म्हणजे शॉर्ट झाले, तर तत्क्षणी तुटणे. मोटर वाचवणे हे फ्यूजचे काम नाही. वीस अँपिअरच्या फ्यूजमधून मोटर बारा-तेरा अँपिअर ओढत राहिली, तर फ्यूज हूं की चूं करणार नाही. मोटर वाचवायची ती रिलेने. रिलेतल्या बायमेटलच्या पट्ट्या मोटरबरोबर तापतात, वाकतात आणि स्टार्टर पाडतात. काटा पाटीवरच्या आकड्यावर असेल तर सव्वापट-दीडपट भाराला काही मिनिटे ते तास-दोन तास जातात, आणि मोटर अडकून उभी राहिली, म्हणजे सहा-सात पटींवर गेली, तर सेकंदांत काम होते.

फ्यूज शॉर्टसाठी आणि रिले भारासाठी, एवढे वाक्य प्रत्येक विहिरीवर लिहून ठेवावे.

आता एक फेज गेली की काय होते ते पाहा. चालती मोटर थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती तेवढेच पाणी ओढायचा प्रयत्न करते, आणि त्या दोन तारांतला अँपिअर सुमारे पावणेदोन पट होतो. साडेसातचे तेरा होतात. उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिप्पट होते. वीसचा फ्यूज शांत बसतो. रिले साडेसातवर असेल तर थोड्या मिनिटांत पडतो आणि मोटर वाचते. रिलेचा काटा शेवटी, दहावर, पिळलेला असेल तर त्याला तेरा हे फक्त तीस टक्के जास्त दिसतात. तो सावकाश विचार करत बसतो, आणि तोवर वायंडिंगचा वास शेजारच्या रानापर्यंत जातो.

आणखी एक चूक सांगतो. ती आपली नाही, स्टार्टर जोडून देणाऱ्या मिस्त्रीची आहे. मोठ्या मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर असतो. त्यात रिले बहुधा वायंडिंगच्या वाटेत बसवलेला असतो. तिथून पाटीवरच्या अँपिअरचे सगळे नव्हे, फक्त अठ्ठावन्न टक्के जातात. दहा हॉर्सपॉवरच्या मोटरची पाटी चौदा सांगत असेल तर रिलेचा काटा आठवर हवा. मिस्त्री प्रामाणिकपणे पाटी वाचतो आणि चौदावर ठेवतो. त्या दिवसापासून त्या मोटरला रिले नाही असेच समजा. आज घरी गेल्यावर आपापली पेटी उघडून पाहा. मेन स्विच बंद करून पाहा.

मग काटा कोणी पिळला?

आता माझ्या विहिरीकडे या. रिले साडेसातवर ठेवून मी पहिल्या हंगामात मोटर चालवली. पाळी रात्रीची. अकरा वाजता वीज आली, बटण दाबले, मोटर घुरघुरली, उचलली आणि दहा मिनिटांत बंद पडली. रिले गार होईपर्यंत थांबलो, पुन्हा लावली, पुन्हा बंद. गहू ओंबीत होता. शेवटी मी मुंबईहून आणलेला व्होल्टमीटर लावला. चारशे पंधराच्या जागी तीनशे वीस.

हिशेब करा. दाब सत्त्याहत्तर टक्क्यांवर आला. मोटरचा जोर दाबाच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे तो साठ टक्क्यांच्याही खाली गेला. पाणी तेवढेच उचलायचे, म्हणून मोटर अँपिअर जास्त ओढते: साडेसातच्या जागी साडेनऊ-दहा. उष्णता दीडपटीच्या वर. रिले पडला तो बिघडला म्हणून नाही, तर त्याने आपले काम चोख केले म्हणून. तो सांगत होता की या दाबावर ही मोटर चालवू नका, जळेल.

पण तो हे कोणाला सांगत होता? गिरणीत राखणदाराने आरोळी दिली तेव्हा फोरमन आला आणि रुई साफ झाली. इथे आरोळी ऐकायला कोण होते? वायरमनला सांगितले, तो म्हणाला, "लाईन लांबची आहे, टेलएंडला असेच येणार." कार्यालयात लेखी दिले, कागद गेला तो गेला. गहू वाळत होता. चौथ्या रात्री मी, लालबागच्या इलेक्ट्रिक खात्यात शिकलेला माणूस, स्वतःच्या हाताने काटा दहावर पिळला. गहू निघाला. पुढच्या हंगामात मोटर जळाली. रिवाइंडिंगचे पैसे मी भरले. वीज पाठवणाऱ्याचे काहीही गेले नाही.

सगळा वाद इथे आहे, म्हणून तो नीट पाहा. त्या रात्री माझ्यासमोर दोन तोटे होते. नियम पाळला तर पीक जाणार होते. नियम मोडला तर कदाचित मोटर जाणार होती. पहिला तोटा नक्की होता आणि आठ दिवसांत होणार होता. दुसरा पुढेमागे होणार होता. कोणताही शहाणा माणूस जे करील तेच शेतकरी करतो. त्याला अडाणी म्हणणाऱ्याने एकदा ओंबीतला गहू सोडून दाखवावा.

आणि मोडलेला नियम पहिला कोणाचा? १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ५४ वा नियम होता. पुरवठादाराने लो आणि मिडियम दाबावर जाहीर केलेल्या व्होल्टेजपासून सहा टक्क्यांहून जास्त फरक पडू देऊ नये, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ते नियम गेले. २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, २०२३ साली त्यांचीही जागा नव्या विनियमांनी घेतली. पण सहा टक्क्यांची मर्यादा राज्य आयोगाच्या कृती मानकांत कायम आहे. चारशे पंधरातून सहा टक्के वजा केले की तीनशे नव्वद उरतात. तीनशे नव्वदच्या खाली आलेला प्रत्येक व्होल्ट म्हणजे पुरवठादाराने मोडलेला नियम. शेतकऱ्याने मोडलेला नियम त्याच्यानंतरचा आणि त्याच्यामुळे आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

डीपीचा हिशेब

साहेब म्हणतात, दाब पडतो कारण तुम्ही आकडे टाकता आणि ऑटो स्विच लावता. हाही हिशेब करू. ६३ केव्हीएचा डीपी पूर्ण भाराला एका फेजवर सुमारे चौऱ्याऐंशी अँपिअर देतो. म्हणजे पाच हॉर्सपॉवरच्या अकरा मोटरी. त्यावर वीस मोटरी असतील तर दीडशे अँपिअर होतात. आकडे टाकणारे किती आणि कागदावर मंजूर केलेले किती, हे आपापल्या डीपीवर जाऊन मोजा. आकडे असतील तर ते आपण काढू. मंजूर कनेक्शनांचीच बेरीज डीपीच्या वर जात असेल, तर ती कोणत्या अडाण्याने केली ते साहेबांना विचारू.

ऑटो स्विचबद्दल मात्र साहेब खरे बोलतात आणि आपण ते मान्य केले पाहिजे. रात्री वीज आली की वीस मोटरी एकाच क्षणी उठतात. प्रत्येकीने पंचेचाळीस अँपिअर मागितले तर नऊशे होतात. चौऱ्याऐंशीच्या डीपीकडे नऊशे मागितले की दाब कोसळतो, एकही मोटर धड उठत नाही, सगळ्या घुरघुरत उभ्या राहतात, आणि डीपीवरचा एखादा किटकॅट फ्यूज उडतो. एक फ्यूज उडाला की त्या डीपीवरच्या सगळ्या मोटरी दोन फेजवर येतात. ज्यांचे रिले पिळलेले, त्यांच्या जळतात. मग अंधारात कोणीतरी डीपीची पेटी उघडून जाड तार वेढतो, कारण वायरमन दहा गावांना एक आहे. आमच्या शिवारातला एक तरणाताठा पोरगा असाच गेला. फ्यूज टाकताना गेला असे पंचनाम्यात लिहिले. तीनशे वीस व्होल्ट, वीस मोटरी आणि वायरमनची रिकामी जागा यांतले काहीही पंचनाम्यात आले नाही.

पण ऑटो स्विच तरी शेतकरी का लावतो? हौस म्हणून? रात्री अकराची पाळी एकला येते, एकची आली तर तीनला जाते. साप-विंचवाच्या आणि बिबट्याच्या रानात कोणी किती रात्री बटणापाशी बसायचे? दिवसा, ठरल्या वेळी वीज द्या, मग एकही ऑटो स्विच राहणार नाही. परळच्या गिरणीत मी कधी ऑटो स्विच पाहिला नाही. तिथे त्याची गरजच नव्हती.

कोणाच्या पाण्यावर कोणाची मोटर

गिरणगावात वीज कुठून आली हेही एकदा आठवू. टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळ्याच्या बाजूला धरणे बांधून खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू केले. ते मुंबईच्या गिरण्यांसाठीच होते. त्याआधी गिरण्या कोळशावर आणि वाफेवर चालत. पुढे मुळशीचे धरण आले. मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. ते तुरुंगात गेले, त्यांनी मार खाल्ला, तरी धरण झाले. त्या पाण्यावर १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. बुडाली ती भाताची खाचरे, आणि दिवे लागले ते मुंबईत. घाटावरचे पाणी कोकणात उतरवून केलेल्या विजेवर लालबाग-परळच्या मोटरी फिरल्या, आणि जमीन गेलेल्यांची पोरे त्याच शहरात मजुरीला गेली. शरद जोशींनी पुढे "इंडिया" आणि "भारत" अशी मांडणी केली. तिचा पहिला नकाशा मुळशीच्या तारांनी काढून ठेवला होता असे म्हणायला हरकत नाही.

आज त्या गिरण्या नाहीत. त्यांच्या जागी लालबाग-परळला टॉवर उभे आहेत. त्यांच्या लिफ्टला मोटर आहे, पाणी वर चढवायला मोटर आहे, एक फेज गेली तर बंद पाडणारे यंत्र आहे. गिरगावातल्या जुन्या चाळीच्या गच्चीवरच्या टाकीलाही तीन-पाच हॉर्सपॉवरचा पंप आहे. तो चालवणारा पंपवाला काही इंजिनिअर नसतो. त्याला अँपिअर म्हणजे काय ते ठाऊकही नसते. तरी ती मोटर वर्षानुवर्षे चालते. कारण बटण दाबले की तीन फेज असतात आणि दाब पुरेसा असतो. माणूस तोच, मोटर तीच, लोहार चाळीतल्या त्याच दुकानातला स्टार्टर. फरक फक्त तारेतून काय येते एवढाच आहे.

२००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत आपल्याकडे बारा-बारा तास अंधार असताना मुंबईला त्यातून वगळले होते. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रीड कोसळून मुंबईची वीज काही तास गेली. लोकल थांबल्या, आणि लगोलग चौकशी समिती बसली. बसलीच पाहिजे. आमचे म्हणणे मुंबईला अंधार करा असे नाही. गिरगाव-दादरचा माणूस आपला वैरी नाही, तो आपलाच गेलेला भाऊ आहे. दादरच्या फुलबाजारात पहाटे जो झेंडू उतरतो, त्याला पाणी रात्री दोन वाजता तीनशे वीस व्होल्टवर दिलेले असते, एवढेच त्याला कळावे. आणि मुंबईचे काही तास चौकशीला पात्र असतील, तर आमच्या टेलएंडची तीस-चाळीस वर्षे कशाला पात्र आहेत, एवढे सरकारने सांगावे.

फुकटाची वीज महाग पडते

आता आपल्याच माणसांना न आवडणारी गोष्ट सांगतो. २००४ च्या निवडणुकीआधी शेतीची वीज फुकट झाली, निवडणूक झाल्यावर वर्षभरात ती घोषणा मागे गेली. २०२४ साली पुन्हा साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांची वीज पाच वर्षांसाठी मोफत झाली. बिल माफ झाले म्हणून कोणी दुःख करणार नाही. वर्षानुवर्षे हॉर्सपॉवरवर मोजलेले आणि न आलेल्या विजेचेही बिल भरलेल्या माणसाला ते दुःख परवडतही नाही. पण फुकटाचा एक धर्म आहे. ज्याचे पैसे दिले नाहीत त्याची तक्रार करायला जीभ रेटत नाही, आणि देणारा ऐकूनही घेत नाही. "फुकट तर आहे, वर व्होल्टेज कशाला मोजता?" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. काही ठिकाणी ते ऐकूही आले आहे.

वर्षात एक रिवाइंडिंग, विहिरीतून मोटर काढायची मजुरी, आठ दिवस बुडालेले पाणी आणि करपलेले पीक यांचा खर्च मांडा. माफ झालेल्या बिलाशेजारी तो लिहा. सबसिडी कोणी कोणाला दिली ते कळेल. घामाचे दाम मागणारी चळवळ ही. तिने भीक म्हणून आलेली खराब वीज घ्यायची आणि मोटर स्वतःच्या पैशाने जाळायची, हा व्यवहार आपल्याला शोभत नाही आणि परवडतही नाही.

सौर पंप आणि सौर फीडर येत आहेत. दिवसा वीज मिळणार असेल तर स्वागत आहे. २०१८ पासून दोन-दोन मोटरींना एक छोटा डीपी देण्याची उच्चदाब योजनाही काही ठिकाणी आली, आणि तिथे दाब सुधारतो हे दिसले आहे. म्हणजे टेलएंडला असेच येणार, हा देवाचा नियम नव्हता. तार आखूड केली की दाब येतो. तो आणायचे कोणी मनावर घेतले नव्हते, एवढेच.

जिल्हा बैठकीपुढे ठराव

नुसती बोंब मारून उठायचे नाही. दोन कामे आपली, चार मागण्या त्यांच्याकडे.

आपले पहिले काम. प्रत्येक मोटरच्या स्टार्टरवर पाटीचा अँपिअर रंगाने लिहायचा आणि काटा तिथे ठेवायचा. स्टार-डेल्टा असेल तर अठ्ठावन्न टक्क्यांवर. केबलची तार काढून एच. आर. सी. फ्यूज बसवायचा. एक फेज गेल्यावर मोटर पाडणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवायचा. त्याचा खर्च एका रिवाइंडिंगपेक्षा कमी आहे. पाणबुडी मोटर उघड्या मोटरपेक्षा लवकर तापते, तिला चपळ रिले लागतो, हे दुकानदाराला सांगून घ्यायचा. ऑटो स्विच डीपीवार बैठक घेऊन सगळ्यांनी एकदम काढायचे आणि मोटरी पाळीने सुरू करायच्या. एकट्याने काढून उपयोग नाही.

आपले दुसरे काम. प्रत्येक डीपीच्या शेवटच्या विहिरीवर एक व्होल्टमीटर आणि एक वही. तारीख, वेळ, तिन्ही फेजचा दाब, रिले किती वेळा पडला, सही. रिले पडला की काटा पिळायचा नाही, वहीत लिहायचे. राखणदाराची आरोळी आजवर रानात विरून जात होती, ती आता कागदावर येईल.

पहिली मागणी. तीनशे नव्वदच्या खालच्या दाबाचे तास पुरवठ्याचे तास म्हणून धरू नयेत. आठ तास दिले असे सांगायचे असेल तर आठ तास चालणाऱ्या दाबाचे सांगावे.

दुसरी मागणी. २००३ च्या वीज कायद्याच्या ५७ व्या कलमात कामाची मानके आणि ती न पाळल्यास भरपाई आहे. ४२ व्या कलमात तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. वही घेऊन एकेका तालुक्यातून शंभर-शंभर अर्ज गेले पाहिजेत. आणि भरपाईच्या तक्त्यात, वहीतून सिद्ध झालेल्या कमी दाबाने जळालेल्या मोटरचा खर्च आला पाहिजे.

तिसरी मागणी. प्रत्येक डीपीवर त्याची क्षमता, मंजूर हॉर्सपॉवरची बेरीज आणि योग्य फ्यूजचा आकडा पाटीवर रंगवावा. लपवण्यासारखे काही नसेल तर रंगाचा एक डबा पुरे.

चौथी मागणी. डीपीचा फ्यूज टाकायला माणूस हवा, रात्रीसुद्धा. आजपासून आपल्यातला कोणीही डीपीची पेटी उघडणार नाही. पीक वाळले तरी चालेल. हे वाक्य लिहिताना हात थांबतो, कारण मी स्वतः ओंबीतल्या गव्हासाठी काटा पिळला आहे. पण गहू पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतो. गेलेला पोरगा येत नाही.

पुढच्या वेळी कोणी साहेब व्यासपीठावरून म्हणाला की शेतकरी जाड तार घालतो म्हणून मोटर जळते, तर खाली बसू नका आणि ओरडूही नका. वही उघडून त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा: "साहेब, आमचा काटा साडेसातवर आहे. तुमचा व्होल्ट तीनशे नव्वदवर आहे का?"

फुकट नको, पुरती हवी! रात्री नको, दिवसा हवी!